नोकरदार पालकांची प्रकृती व बालसंगोपन : धात्रीपरीक्षेचा आजचा अर्थ

बालरुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा आपण त्याची प्रकृती, अग्नी, कोष्ठ, बल, सात्म्य यांची परीक्षा करतो. त्याला घेऊन आलेल्या माता-पित्यांकडे मात्र वृत्तांत सांगणारे आणि औषध पाजणारे एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. वृत्तांत संपला की त्यांच्याविषयीची आपली जिज्ञासाही संपते. प्रस्तुत लेखात या जिज्ञासेची कक्षा थोडी वाढवावी, अशी वैद्यबंधुभगिनींना विनंती करावयाची आहे. दिवसाचे दहा-बारा तास घराबाहेर राहणाऱ्या पालकांच्या बाबतीत तर ही परीक्षा वगळली की बालकाची चिकित्साच अपुरी राहते, असा माझा अनुभव आहे.

हा विषय आज मांडण्याचे आणखी एक निमित्त आहे. २०२४ च्या अखेरीस 'देश का प्रकृती परीक्षण' अभियानात एक कोटीहून अधिक लोकांचे प्रकृतिपरीक्षण झाले. आयुर्वेदाच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि तेव्हापासून एक वाक्य माझ्या कानांवर वारंवार पडू लागले आहे : "मॅडम, मी पित्त प्रकृतीची. मुलांवर ओरडणे माझ्या हातात नाही." प्रकृतीचे ज्ञान आत्मपरीक्षणासाठी द्यावे आणि रुग्णाने त्याचे माफीपत्र करून घ्यावे, हे विपरीतच म्हटले पाहिजे. या वाक्याला आपल्याकडे शास्त्रीय उत्तर हवे.

धात्रीपरीक्षा

पालकांचा स्वभाव तपासणे ही पाश्चात्त्य मानसशास्त्राकडून घेतलेली कल्पना आहे, असे कोणी समजू नये. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात धात्रीचे गुण सांगितले आहेत. त्यात ती मध्यम वयाची, निरोगी व उत्तम स्तन्याची असावी हे तर आहेच. पण ती शीलवती, अचपल आणि अलोलुप असावी, असेही आहे. दुधाची परीक्षा आहे तशीच मनाची परीक्षाही आहे. त्याच अध्यायात स्तन्यनाशाची कारणे सांगताना क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांचा उल्लेख येतो. धात्रीच्या मनात जे घडते ते बालकाच्या पोटात उतरते, हा संबंध आचार्यांनी इतका स्पष्ट जोडलेला आहे.

बालकाची क्षीराद, क्षीरान्नाद व अन्नाद अशी तीन अवस्थांची विभागणी आपणांस विदित आहे. क्षीरादाच्या व्याधीत धात्रीवर चिकित्सा करावी लागते. बालक अन्नाद झाले की चिकित्सा त्याच्या स्वतःवर केंद्रित होते. आहारापुरता हा नियम बरोबर आहे. परंतु विहाराच्या आणि मनाच्या दृष्टीने पाहिले तर सात-आठ वर्षांचे मूलही क्षीरादच असते. त्याची झोपेची वेळ, जेवणाचा वेग, मलमूत्रविसर्जनाची निश्चिंती, भीती आणि धैर्य हे सारे ते ज्या मोठ्यांच्या हाताखाली वाढते त्यांच्याकडून रोज घोट घोट घेत असते. म्हणून या वयातही अर्धी चिकित्सा धात्रीवरच करावी लागते. आजची धात्री म्हणजे आई, वडील, आजी-आजोबा आणि पाळणाघरातील मावशी. त्यांपैकी आई-वडिलांचा विचार येथे केला आहे.

चरकाचार्यांनी जातिसूत्रीय अध्यायात एक सूचना केली आहे. बालक रडत असेल, जेवत नसेल, ऐकत नसेल तर त्याला भीती घालण्यासाठी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊ नयेत. सुश्रुतांनीही बालकाला रागावू नये, झोपेतून एकाएकी जागे करू नये, एकदम उचलू किंवा खाली ठेवू नये, असे सांगितले आहे. सकाळी सहाला मुलाला ओढून उठवणाऱ्या आणि 'व्हॅनवाले काका सोडून जातील' असा धाक घालणाऱ्या घरात या दोन्ही सूचनांचा भंग नित्य होतो. भंग करणारे पालक दुष्ट नसतात. घड्याळ त्यांच्या मागे असते, आणि घड्याळाला प्रत्येक जण आपल्या प्रकृतीनुसार प्रतिसाद देतो.

एक चुकलेली चिकित्सा

काही वर्षांपूर्वी सहा वर्षांचा एक मुलगा मलावष्टंभासाठी माझ्याकडे आला. पूर्वी एकदा मलप्रवृत्तीच्या वेळी वेदना झाल्यामुळे तो वेग धारण करू लागला होता. तीन-तीन दिवस मलप्रवृत्ती होत नसे. बालक कफप्रधान, संथ, बोलण्यात मंद व गोड होते. आई बँकेत अधिकारी, अतिशय नेटकी. मागील तपासण्यांचे कागद तारखेनुसार लावून आणलेले. अशी आई लाभली याचा मला आनंदच झाला. मी मृदु अनुलोमन, रात्री कोमट दुधातून गायीचे तूप, भिजवलेल्या मनुका, उदराला तेलाचा हलका अभ्यंग सांगितला आणि रोज सकाळी मुलाला ठरावीक वेळी शौचास बसवावे, असेही लिहून दिले.

सहा आठवड्यांत अपेक्षित उपशय मिळाला नाही. मी मात्रा वाढविली. त्यानेही फरक पडेना, तेव्हा योग बदलला. औषधे चुकली नव्हती, निदानही चुकले नव्हते. सातव्या आठवड्यात योगायोगाने मुलाला घेऊन त्याचे वडील आले. मी सहज विचारले, सकाळी बसतो का? ते म्हणाले, "बसतो ना. ही दाराबाहेर घड्याळ घेऊन उभी असते. सात दहाला व्हॅन येते, हिची सात बावन्नची लोकल. तुम्ही लिहून दिलेला कागद फ्रिजवर लावलाय. रोज खूण करते. तो आत रडतो."

माझी सूचना पित्तप्रकृतीच्या हातात पडून तिचा आदेश झाला होता. वेग धारण करू नये तसेच तो बळाने उत्पन्नही करू नये, हे वाग्भटांनी दिनचर्येतच सांगितले आहे. मी दिलेल्या कागदामुळे त्या घरात रोज सकाळी नेमके तेच घडत होते. भीतीने वेगधारण करणाऱ्या बालकाच्या भीतीत मी आणखी भर घातली होती. आणि यात आईचा दोष म्हणावा तर तिने माझे प्रत्येक अक्षर पाळले होते. माझ्या इतर रुग्णांपैकी कितीजण तसे पाळतात?

मी योजना बदलली. सकाळचे बसणे बंद केले. रात्रीच्या जेवणानंतर थोड्या वेळाने, पाय टेकतील असा पाट पायांखाली देऊन, दहा मिनिटे बसवावे. मलप्रवृत्ती झाली नाही तरी चालेल. हे काम वडिलांनी करावे. घड्याळ जवळ नसावे. जेवणानंतर कोष्ठाची गती स्वभावतःच वाढते, तिचा लाभ घ्यावयाचा होता. वडील कफप्रधान, कशाचीच घाई नसलेले गृहस्थ. ते दाराबाहेर बसून मुलाला गाड्यांच्या गोष्टी सांगत. आईकडे मी आहाराचे काम सोपविले : आठवड्याचा डबा, पालेभाज्या, फळे, तूप, पाणी यांची आखणी. त्यात तिची तीक्ष्ण बुद्धी व नेमकेपणा कामास आला आणि शौचालयाच्या दारापासून ती दूर राहिली. औषधे पूर्वीचीच ठेवली. दीड महिन्यात मलप्रवृत्ती एक दिवसाआड, पुढे बहुतेक रोज आणि वेदनारहित होऊ लागली.

या रुग्णापासून मी एक सवय लावून घेतली. बालरुग्णाच्या केसपेपरवर डाव्या समासात, ही योजना घरात कोण राबविणार आहे आणि त्या व्यक्तीची प्रकृती काय, हे दोन शब्दांत लिहिते. पथ्यपत्रक त्यानंतरच लिहावयाचे.

तीन प्रकृती, तीन प्रकारची घाई

चरक विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रत्येक दोषाच्या गुणांवरून प्रकृतीची लक्षणे सांगितली आहेत. ती आपण रुग्णाच्या शरीरावर लावतो. पालकाच्या पालकपणावरही ती तितकीच चपखल बसतात.

पित्तप्रकृतीचा पराक्रम तीक्ष्ण, अग्नी तीक्ष्ण आणि क्लेश सहन करण्याची शक्ती कमी असते. अशा पालकाचे घर शिस्तीत चालते, फी वेळेवर भरली जाते, लसीकरणाचे वेळापत्रक तोंडपाठ असते. मात्र काम करताना जी अचूकता कौतुकास पात्र ठरते तिचीच अपेक्षा तो मुलाकडून करू लागतो. कार्यालयात हाताखालील माणसाने एक गोष्ट तीनदा विचारली तर ती त्रुटी ठरते. चार वर्षांच्या मुलाने तीनदा विचारणे हा मात्र त्याच्या वयाचा धर्म आहे. सुश्रुतांनी पित्तप्रकृतीचा राग लवकर येणारा आणि लवकर शमणारा सांगितला आहे. येथे एक सूक्ष्म अडचण उद्भवते. पालकाचा राग दहा मिनिटांत ओसरतो, तो मुलाला जवळ घेतो, चॉकलेट देतो आणि विषय संपला असे समजतो. पण मूल कफप्रधान असेल तर त्याचा क्षोभ उशिरा येतो आणि उशिराच जातो. आईचे वादळ संपून गेल्यावर त्याचे सुरू होते आणि 'आता कशाला रडतोस' म्हणून त्याला पुन्हा बोलणी बसतात.

'मी पित्ताची, म्हणून ओरडते' म्हणणाऱ्यांना मी अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानातील प्रकृतिवर्णन दाखविते. तेथे पित्तप्रकृतीच्या पुरुषास आश्रितवत्सल म्हटले आहे. जो आपल्या आश्रयास आहे त्याच्यावर माया करणे, त्याचे भय निवारणे, हे पित्ताचे स्वाभाविक लक्षण आहे. घरातील सर्वांत मोठा आश्रित कोण? पित्तप्रकृतीत वात्सल्य नाही असे नाही. ते तापाने झाकले गेले आहे. हे सांगितल्यावर काही मातांच्या डोळ्यांत पाणी येते. प्रकृती हे कारण म्हणून घेऊन आलेल्या असतात. ती सामर्थ्यही असू शकते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

वातप्रकृतीच्या पालकाचे चित्र निराळे. त्याचा आरंभ शीघ्र, क्षोभ शीघ्र, प्रेम आणि विरक्तीही शीघ्र. ऐकलेले चटकन उमजते आणि चटकन विसरते. मुलांना असे आई-बाबा अत्यंत आवडतात. ते घोडा होतात, गोष्टीत आवाज काढतात, रात्री दहाला कागदाची विमाने करतात. दुर्दैवाने त्या घरात दोन दिवस सारखे जात नाहीत. या आठवड्यात दूध बंद, पुढच्या आठवड्यात गहू बंद. सोमवारी लवकर झोपण्याचा संकल्प, गुरुवारी त्याचा विसर. औषधविक्रीच्या निमित्ताने महिन्यातील दहा-बारा दिवस फिरतीवर असणारे एक गृहस्थ आपल्या चार वर्षांच्या मुलीला निद्रानाशासाठी घेऊन येत. मी दिलेल्या दिनचर्येत नऊ कलमे होती. दुसऱ्या भेटीस त्यांना तीन आठवत होती आणि त्यांतील दोन त्यांनी सुधारून घेतली होती! तेव्हापासून वातप्रधान पालकास मी एकच कलम देते. मुलीच्या बाबतीत ते असे होते : घरी असताना रात्री साडेनऊला, त्याच अंथरुणावर, तिच्या तळपायांना कोमट तिळतेल चोळावे आणि बाहेरगावी असताना त्याच वेळी फोनवरून तीच जुनी गोष्ट सांगावी, त्या दिवसांत तेल आईने लावावे. गोष्ट नवी नको, हे मी ठासून सांगितले; कारण नवी गोष्ट बापाच्या वाताला हवी होती, मुलीच्या झोपेला नको होती. त्वचा हे वायूचे अधिष्ठान, म्हणून अभ्यंगाची प्रशस्ती आचार्यांनी केली आहे. पाय चोळणाऱ्याच्या तळहातांनाही त्या तेलाचा थोडा लाभ होतो, असे मला वाटते. त्या गृहस्थांनी पुढे स्वतःच तसे सांगितले.

कफप्रकृतीच्या पालकाबद्दल तक्रार क्वचितच येते. क्षमा, धृती, दृढ स्नेह हे त्याचे गुण मुलास आधार देतात. त्याची घाई ही 'नंतर पाहू' अशा रूपाने असते. मुलाची सर्दी महिना महिना चालते, चष्म्याचा नंबर उशिरा कळतो, 'नाही' म्हणण्याचे काम दुसऱ्यावर ढकलले जाते. दिवसभर दूर राहिल्याची रुखरुख तो खाऊने भरून काढतो. वारंवार प्रतिश्याय व वाढते वजन घेऊन येणाऱ्या मुलामागे पुष्कळदा असा प्रेमळ बाप उभा असतो, संध्याकाळी वडापाव नाहीतर क्रीमची बिस्किटे घेऊन येणारा. त्याला उपदेश करून उपयोग होत नाही. त्याला एखादे शारीरिक काम द्यावे लागते.

व्यवहारात शुद्ध एकदोषज प्रकृती थोड्या, द्वंद्वज अधिक. तेव्हा वरील चित्रे सरमिसळ होऊनच भेटतात. शिवाय सत्त्वाचा विचार वगळून चालत नाही. चरकांनी शारीरस्थानात मानस प्रकृतीचे सोळा भेद वर्णिले आहेत : सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस. एकच पित्त सत्त्वाच्या सोबतीने न्यायी पालक घडविते आणि रजाच्या सोबतीने हुकूमशहा.

मुलाची प्रकृती आणि पालकाची प्रकृती यांचा मेळ पाहण्याची ही रीत आधुनिक शास्त्रालाही अपरिचित नाही. अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस यांनी १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासातून असे मांडले की, बालकाचा स्वभाव स्वतः चांगला-वाईट नसतो. भोवतालच्या माणसांच्या अपेक्षांशी तो जुळतो की नाही यावर त्याचे हित अवलंबून असते. १९८४ मध्ये जे बेल्स्की यांनी पालकत्वाचे तीन निर्धारक सांगितले : पालकाची स्वतःची मानसिक घडण, बालकाचे गुणधर्म आणि नोकरी, वैवाहिक संबंध, आप्तेष्ट यांचे भोवताल. त्यांत पहिल्यास त्यांनी सर्वांत अधिक वजन दिले आहे. आपल्या शास्त्राच्या समर्थनार्थ हे दाखले देण्याची गरज आहे असे नाही. परंतु शाळेतील समुपदेशकाशी किंवा बालरोगतज्ज्ञाशी बोलताना दोघांना समजणारी भाषा म्हणून ते उपयोगी पडतात.

प्रकृती की विकृती?

येथे सर्वांत मोठा धोका आहे. प्रकृती गर्भारंभी शुक्र-शोणित संयोगाच्या वेळी ठरते आणि आमरण टिकते. नोकरी तिला बदलू शकत नाही. परंतु नोकरी तिच्यावर विकृतीचा असा थर चढविते की, दहा वर्षांनी पालक स्वतःच त्या थराला 'माझा स्वभाव' म्हणू लागतो. रात्रपाळी, दीड-दोन तासांचा उभ्याने प्रवास, वेळीअवेळी जेवण, वेगधारण यांनी वायू वाढतो. मग मूळ कफप्रकृतीची स्त्रीही चंचल व विसराळू भासते. मुदतीची कामे, उपाशीपोटी चहा, सततचे स्पर्धेचे वातावरण यांनी पित्त वाढते. मग मूळचा सौम्य माणूस घरी आल्यावर भांडी आपटतो. मोबाईलवरील प्रश्नावली भरताना मनुष्य आजच्या स्थितीवरून उत्तरे देतो. त्यामुळे पुष्कळदा प्रकृतीच्या नावाखाली विकृतीचीच नोंद होते.

हा भेद करण्यासाठी मला तीन प्रश्न उपयोगी पडले आहेत. नोकरी लागण्यापूर्वी, महाविद्यालयात असताना आपण कसे होतात? दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत गावी गेल्यावर तिसऱ्या दिवशी मुलांशी कसे वागता? पहिल्या दोन दिवसांवर विसंबू नये, कारण तोवर कार्यालय अंगातून उतरलेले नसते. आणि तिसरा प्रश्न पालकाला नव्हे, त्याच्या आईला किंवा भावंडाला : "हा लहानपणापासूनच असा आहे का?" एका आजींनी यावर मला दिलेले उत्तर असे : "नाही हो, आमचा हा फार शांत. गेल्या चार वर्षांत असा झालाय." मी त्या गृहस्थाच्या पत्रकावर पित्तप्रकृती लिहिले होते. ते खोडले आणि पित्तवृद्धी असे लिहिले. प्रकृतीशी जुळवून घ्यावयाचे असते. वृद्धीवर मात्र उपचार करता येतात.

२०२० च्या टाळेबंदीत या भेदाचे जणू प्रात्यक्षिकच झाले. प्रवास थांबताच काही पालकांची चिडचिड पंधरवड्यात निवळली. ती विकृती होती. दुसरे काही घरी बसूनही तसेच राहिले. आणि काहींच्या घरी, जेवणाच्या टेबलावरच कार्यालय आल्यामुळे, पूर्वी नसलेला त्रास सुरू झाला.

सायंकाळचा अर्धा तास

वाग्भटांनी वय, दिवस, रात्र व आहारपचन यांच्या अंती वायू, मध्ये पित्त व आरंभी कफ बलवान असतो असे सांगितले आहे. नोकरदार घराला हा सिद्धांत लावून पाहावा. मूल कफाच्या वयात आहे, पालक पित्ताच्या वयात आणि दोघांची भेट होते ती दिवसाच्या अंती, वायूच्या काळात. मूल दिवसभराचे साठलेले सांगावयास उतावीळ, पालक प्रवासाने रूक्ष झालेला, दोघेही भुकेले. बहुतेक घरांतील रडारड, मारझोड आणि अबोला या अर्ध्या तासात घडतो. त्यामुळे संपूर्ण दिनचर्येपेक्षा या अर्ध्या तासाची आखणी करून देणे मला अधिक फलदायी वाटते.

पित्तप्रधान पालकाने घरी पोहोचण्यापूर्वी किंवा पोहोचताच आधी काही खावे. राजगिऱ्याचा लाडू, एखादे केळे, खजूर, काहीही चालेल. चहा मात्र त्याची जागा घेऊ शकत नाही. पित्तप्रकृतीला क्षुधा सहन होत नाही आणि उपाशी पित्त गृहपाठाची वही उघडते तेव्हा काय होते हे सर्वश्रुत आहे. शाळेविषयी पहिला प्रश्न खाण्यानंतर, आणि तोही गुणांविषयी नसावा. एका मातेने तर लोकलमधून उतरल्यावर फलाटावरच बाकावर बसून डब्यातील उरलेली पोळी खाण्याचा नेम केला. हसू येईल, पण तिच्या मुलीचे नखे खाणे त्यानंतर कमी झाले, असे तीच सांगते.

वातप्रधान पालकाने आल्यावर बसावे. कोमट पाण्याने हातपाय धुवावेत आणि मुलाला मांडीवर किंवा शेजारी घेऊन दहा मिनिटे एका जागी राहावे. या दहा मिनिटांत भाजी निवडणे, फोन, कपड्यांच्या घड्या काही नाही. त्याच्या हालचालीने मूल जितके बेचैन होते तितके त्याच्या रागाने होत नाही.

कफप्रधान पालकाने उलट बसूच नये. सोफ्यावर बसला की तो रात्रीच्या जेवणालाच उठतो आणि मुलाच्या हाती मोबाईल जातो. त्याने चपला न काढता मुलाला घेऊन खाली उतरावे, एक फेरी मारावी, दूध किंवा भाजी आणावी. मुलाचे बोलणे चालता चालता निघते.

या तिन्ही सूचना सोप्या आहेत आणि त्यांचा खर्च नाही. चिकित्सालय चालविणारा वैद्य हाही शेवटी नोकरदार पालकच. रात्री साडेनऊपर्यंत इतरांच्या मुलांशी कमालीच्या सहनशीलतेने बोलून घरी आल्यावर स्वतःच्या मुलासाठी त्यांतील काहीच शिल्लक नसते, हा माझा स्वतःचाही अनुभव आहे. मी दवाखान्याच्या टेबलाच्या खणात राजगिऱ्याचे लाडू ठेवते.

मर्यादा

प्रकृतिविचाराने सर्व काही सुटते असा समज होऊ नये. पालकास सतत खिन्नता असेल, झोप उडाली असेल, मुलाला इजा होईल असा मार दिला जात असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो प्रकृतीचा प्रश्न राहत नाही. तेथे मानसरोगतज्ज्ञाचे साहाय्य विनाविलंब घ्यावे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात तर अधिक सावध असावे. कामावर परतलेली आई 'वाताची आहे, घाबरते' एवढ्यावर सोडून देऊ नये.

तसेच पुष्कळ गोष्टी प्रकृतीबाहेरच्या असतात. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील मातांची प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. परंतु घरकाम करणारी, दुकानात उभी राहणारी, कंत्राटावर काम करणारी आई या कक्षेत क्वचितच येते. तिला सायंकाळच्या अर्ध्या तासाचा उपदेश करण्यापूर्वी तो अर्धा तास तिच्याजवळ आहे का, हे विचारावे.

एका रुग्णालयात परिचारिका असलेली, एकटीने संसार चालविणारी माता आठ वर्षांच्या मुलाला शय्यामूत्रासाठी आणत असे. मूत्रपरीक्षण व इतर तपासण्या प्राकृत होत्या. मुलगा वातप्रधान, आई कफपित्ताची, स्थिर व समंजस. पालकाच्या प्रकृतीत बोट ठेवण्यासारखे काही नव्हते. आईची पाळी दर आठवड्यास बदलत होती आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मुलगा शेजारच्या घरी झोपत होता. डाव्या समासात लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नाही. औषध चालू ठेवले, मुलाला कोणीही रागावू नये हे शेजारच्या बाईंनाही बोलावून सांगितले आणि आईच्या विनंतीवरून पाळी स्थिर ठेवावी अशा आशयाचे पत्र तिच्या वरिष्ठांना दिले. पाच महिने काही झाले नाही. सहाव्या महिन्यात तिला कायमची सकाळपाळी मिळाली. पुढच्या भेटीस मुलाने आपणहून सांगितले की, महिनाभरात अंथरूण फक्त दोनदा ओले झाले, आणि दोन्ही वेळा आईने दिवा न लावताच चादर बदलली.